चपट्या तारा

बेस गिटारवर त्याचा हात सरकला की तारा किरकिरायच्या आणि बायकोचं डोकं उठायचं. ती गायची, तो साथ करायचा, आणि रेकॉर्डिंगमध्ये तिच्या गळ्याआधी ऐकू यायची ती किरकिर.

"फ्लॅटवाउंड तारा न्या," दुकानदार म्हणाला. "तारेवरचं वेटोळं चपटं असतं. बोट फिरवून बघा, चकार शब्द काढणार नाही."

खरंच, तार काचेसारखी गुळगुळीत होती. घरी येऊन त्याने नव्या तारा चढवल्या आणि दोघं लगेच गाणं घेऊन बसली.

किरकिर होतीच.

"घातली तुला दुकानदाराने टोपी," बायको म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. "पुन्हा वाजव बघू... अरे, तुझा हात हलायच्या आधीच आवाज येतोय!"

तिचं बरोबर होतं. त्याचा हात जिथे जाणार, तिथे किरकिर आधीच पोहोचत होती.

"हात काढ," ती म्हणाली.

त्याने डावा हात काढून गुडघ्यावर ठेवला. किरकिर थांबली नाही. सर्वांत जाड तारेवरून ती सावकाश त्याच्या अंगाकडे सरकत आली आणि गिटारच्या दांड्यावरच्या शेवटच्या पट्टीशी थबकली. तिथे तार हळूहळू दबली आणि दबलेलीच राहिली.

आता ती फक्त छेडायची बाकी होती.

"वाजवू नकोस हं," बायको कुजबुजली.

"मी कुठे वाजवतोय?" तो म्हणाला, आणि दोघांनीही त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

त्याचं एक बोट तारेवर वाकत चाललं होतं.