निघायच्या आधी पोहोचणारं विमान

तिकिटात चूक होती, याबद्दल तिला शंकाच नव्हती. विमान निघणार दहा वाजून दहा मिनिटांनी आणि उतरणार त्याच सकाळी दहाला. निघायच्या आधी पोहोचणारं विमान तिने आजवर ऐकलं नव्हतं.

ती इस्पितळाच्या धुलाईखात्यात चादरी रफू करायची. दुपारच्या सुट्टीत, अंगावर दोरे चिकटलेले तशीच, ती तिकीट कार्यालयात आली. गुरुवारी परदेशात दादाचं हृदयाचं ऑपरेशन होतं. वहिनीने फोनवर तेवढंच सांगितलं. ये म्हणाली नाही. हिनेच मुकादमाकडे दहा दिवसांची रजा मागितली. चार जायला, चार यायला, दोन दादाजवळ.

तिकीटवाल्याने कागद पाहिला आणि चूक नाही म्हणाला. तिथली घड्याळं दोन तास मागे असतात.

घड्याळं मागे असतात हे तिला ठाऊक होतं. म्हणजे दादा किती लांब असेल, असंच तिला वाटायचं. मग प्रवासाचे चार दिवस कुठे गेले?

"एक तास पन्नास मिनिटं, मावशी," तिकीटवाला म्हणाला. "अकराशे किलोमीटर."

तिला काही सुधरेना. त्या नावाची दोन शहरं असतील, असं तिने सुचवलं. पत्ता पुढे केला, गल्लीचं नावसुद्धा ताडून बघायला लावलं. शहर तेच होतं. अठरा वर्षांपूर्वी बाबांशी भांडून दादा गेला, तेव्हा दोन बस, बोट आणि आगगाडी करत चौथ्या दिवशी पोहोचला होता. तसं त्याने पत्रात लिहिलं होतं. समुद्राला वळसा घालून जावं लागायचं तेव्हा, तिकीटवाला म्हणाला. पण गेली दहा वर्षं रोज विमान आहे. तिला घरून कामावर यायलाच दोन बस बदलून सव्वा तास लागायचा.

दहा वर्षं. ती बाकावर बसली.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली होती. दादासाठी थांबायचं का, असं नातेवाइकांनी विचारलं, तेव्हा तिनेच सांगितलं होतं, तो चार दिवसांच्या वाटेवर आहे, पोहोचायचा नाही. उगाच तिकडे एकट्याने तळमळत बसेल, म्हणून सगळं उरकल्यावर तिसऱ्या दिवशी तिने त्याला कळवलं. त्यानंतर त्याचे फोन कमी झाले. लांब राहून माया पातळ झाली असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

तिथेच बसून तिने फोन लावला. दादाने उचलला. त्याचा आवाज थकलेला होता. मी येतेय, असं ती म्हणाली, तर उगीच कशाला, एवढंच तो बोलला.

"दादा, मला आत्ता कळलं, दोन तासांचीसुद्धा वाट नाही. बाबा गेले तेव्हा मला वाटलं, तुला यायला चार दिवस लागतील."



"आणि मी सहा वर्षं समजत होतो," तो म्हणाला, "बाबांनीच तुला बजावलं असेल, याला बोलवू नकोस म्हणून."