पुढचं नाव

जनकाबाई वजनकाट्यावरून उतरली, तशी भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली.

"वजन उतरलंय. जेवत नाही का, मावशी?"

"एकटीसाठी काय भाकर थापावी, बाई."

"मग आज भूल थोडी कमी देते. मागच्या खेपेला झटकाही तोकडा आला होता."

विजेच्या शॉकचं जनकाबाईला भय नव्हतं. उदासीवरचा तो उपचार तिच्या झोपेतच उरकायचा. भीती होती त्याआधीच्या घटकेची. सुई टोचली की डॉक्टरबाई घरातल्यांची नावं घ्यायला लावायच्या. कुणी आकडे मोजायला सांगतं, यांची ही तऱ्हा. रत्नपाल, साक्षी, आकांक्षा... नातीच्या नावापाशी डोळा लागायचा. खरं तर लेक, सून, नात, तिघंही पुण्याला. कुरुंद्याच्या घरात भिंतींशिवाय कुणी नव्हतं. पण ते कबूल करायची पाळी झोपेनं कधी येऊ दिली नव्हती.

"नेहमीइतकीच द्या की, बाई."

"जास्त भूल दिली तर शॉक लागू पडत नाही. सगळं वाया जातं."

ती गुमान आडवी झाली. सोबतीला आलेली शेजारची अनुसयाबाई दाराबाहेरच राहिली. सुई टोचली.

"हं, घ्या नावं."

"रत्नपाल. साक्षी. आकांक्षा." छताचा दिवा अजून लख्ख दिसत होता.

"पुढं?"

नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तो गेला तेव्हाही नाही. आज घेतलं.

"मुंजाजी."

दिवा तसाच.

"पुढं, मावशी?"

आता पुढं कुणाला आणायचं? जनकाबाईला रडू फुटायला आलं. वर वाकलेल्या चेहऱ्याकडं तिनं पाहिलं.

"तुमचं नाव काय, बाई?"

"मंजुषा."

"मंजुषा," जनकाबाई म्हणाली, आणि दिवा गेला.

शुद्धीवर आली तेव्हा नर्स नेहमीचे प्रश्न विचारत होती. गाव कोणतं? तिनं बरोबर सांगितलं.

"आणि घरी कोण कोण असतं?"

जनकाबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

"मंजुषा हाय की. काहून, आली न्हाई का ती मला न्यायला?"