रोज एक लिटर

"दूध?" सर्वेवाल्या बाईने विचारलं आणि पेनाचं टोक चौकटीवर टेकवलं. "रोज एक लिटर. तेच लिहू ना?"

घरातल्या बाईला अख्खी गल्ली वहिनी म्हणायची. गेले पाच महिने तिने या प्रश्नाचं उत्तर तोंडपाठ असल्यासारखं दिलं होतं. आजचा सहावा महिना, शेवटचा. आज मात्र ती पेनाच्या टोकाकडे बघत राहिली.

खोली इतकी चिंचोळी, की पाहुण्याला बसायला एकच स्टूल, तेही उंबऱ्याला लागून. दार लावायचं तर स्टूल मावत नाही, म्हणून दार सताड उघडं. समोर दोन पावलांवर शिलाईवाली राहायची. तिचं मशीन दिवसभर खडखडायचं, पण सर्वेवाली आली की नेमकं थांबायचं. आजही थांबलं होतं. कान सगळ्या गल्लीलाच होते, शिलाईवालीचे जरा जास्त तिखट.

पहिल्या महिन्यात सर्वेवाली आली तेव्हाच या घरातलं दूध बंद झालेलं होतं. भाव चढत गेले तसतशी एकेक वस्तू घरातून उठून गेली होती. आधी अंडी गेली, मग दूध. डाळ आठवड्यातून दोनदा व्हायची, तीही पाण्याला रंग येण्यापुरती. पण समोरचं मशीन थांबलेलं, आणि कोण कुठली बाई कागद घेऊन विचारतेय. घरातलं उणं चव्हाट्यावर कोण मांडतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. वहिनीने सांगून टाकलं, रोज डाळ, रोज लिटरभर दूध, आठवड्याला डझनभर अंडी. दुसऱ्या महिन्यात कमी सांगायची सोय राहिली नाही. खोटं एकदा पाळलं की दर महिन्याला खायला मागतं.

हा सर्वे कशासाठी आहे ते तिला गेल्या आठवड्यात कळलं. नवरा कारखान्यात बॉयलरवर होता. जेवता जेवता त्याने फाटकावरच्या नोटिशीत काय लिहिलंय ते सांगितलं. भाव वाढलेत हे मालकांना मान्य होतं, पण त्याची झळ ताटापर्यंत पोचली का, हे त्यांना बघायचं होतं. म्हणून याच गल्लीतली कामगारांची वीस घरं निवडली होती. त्या घरांमध्ये खाण्यापिण्यात घट दिसत नाही, उलट थोडी वाढच दिसते, असं नोटीस म्हणत होती. शेवटच्या महिन्याचे आकडे आले की महागाई भत्त्याची मागणी निकालात निघणार होती.

"वाढ म्हणे," नवरा हसला होता. "कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावून आले कोण जाणे."

वहिनीने हातातला घास ताटात परत ठेवला होता. नवऱ्याला खरं सांगायचं धाडसही झालं नव्हतं.

आता इकडे आड, तिकडे विहीर. लिटर म्हणावं तर भत्ता गेला. नाही म्हणावं तर पाच महिन्यांची अब्रू समोरच्या दारात सांडणार. वहिनीने आत बघितलं. सहा वर्षांची मुलगी काळा चहा फुंकून पीत होती. पूर्वी ती दुधासाठी पाय आपटायची. आता मागत नव्हती, आणि वहिनीला तेच जास्त लागत होतं.

"ताई, लिहू ना?"

"नको. दूध नाही."

"आज आलं नाही का?"

"सात महिने आलेलं नाही. मी खोटं सांगत होते."

सर्वेवालीने समोरच्या दाराकडे नजर टाकली. मनाने वाईट नव्हती ती. "हळू सांगितलंत तरी चालेल," ती म्हणाली.

पण वहिनीचा आवाज आपोआपच चढला होता. डाळ, तेल, अंडी, जे होतं ते आणि जे नव्हतं ते, सगळं तिने सांगितलं. कानशिलं तापली. इतकी लाज तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सर्वेवालीने दुधाच्या चौकटीत भोपळा काढला आणि सुस्कारा सोडला. "लिहिते, पण आशा धरू नका. बाकीच्या एकोणीस घरांत दर महिन्याला दूध वाहतंय. एकच फॉर्म असा वेगळा निघाला की ऑफिसात चूक म्हणून बाजूला काढतात."

म्हणजे अब्रूही गेली आणि भत्ताही. वहिनीला रडूसुद्धा आलं नाही. उठून दार लावावं म्हटलं, तर सर्वेवाली अजून स्टुलावर कागद नीट लावत होती.

मग सर्वेवाली उठली आणि दोन पावलं टाकून समोरच्या दारात उभी राहिली. दर महिन्याचा क्रम तोच, आधी वहिनी, मग शिलाईवाली, मग पुढची दारं. त्या पुढच्या दारातूनही एक डोकं बाहेर आलं होतं.

"दूध?"

शिलाईवालीच्या मांडीवर अर्धी शिवलेली बाही होती. तिने सर्वेवालीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं. वहिनीने मान खाली घातली. उद्या नळावर काय काय ऐकावं लागेल ते तिला आत्ताच ऐकू येत होतं.

"पाव लिटर," शिलाईवाली म्हणाली.

सर्वेवालीने मागचं पान उलटून बघितलं. "अहो, मागच्या महिन्यात तर तुमच्याकडे दीड लिटर होतं."

"मागच्या महिन्यात वहिनींकडे एक लिटर होतं ना."