सोपानच्या नावानं

मावळात माझं दारूचं गाणं वाजलं नाही अशी वरात नसेल. त्याच दारूत मी बुडालो, माझा ढोलकीवाला सोपान तर मेलाच. मी व्यसनमुक्ती केंद्रातून परतलो, त्याला तीन वर्षं झाली; थेंबही न घेता नवी गाणी लिहिली. काल कुसगावजवळच्या आमच्या वाडीनं माझा सत्कार केला. शाल, नारळ झालं आणि मंडळाच्या अध्यक्षानं हातात बाटली ठेवली. “घ्या नवशाभाऊ! हिच्याबिगर तुमच्या गाण्यात दम न्हाई राह्यला.” सगळे हसले. माझं डोकं फिरलं. आमच्यात पिण्याआधी गेलेल्याच्या नावानं जमिनीवर चार थेंब सांडायची रीत आहे. मी झाकण उघडलं, तशा टाळ्या पडल्या. “सोपानच्या नावानं,” म्हणत मी बाटली उपडी केली आणि रिकामी होईपर्यंत तशीच धरली. अध्यक्ष ओरडला, “अवो, आमाला काय ठिवलं?” मी म्हणालो, “सोपानच्या शेजारची जागा.”