जावईबापूंची चढाई

मध्यरेषा हातभर उरली होती आणि बालाजीचा डावा घोटा पुन्हा समोरच्या कोपरारक्षकाच्या पंजात सापडला. तो आडवा झाला. त्याच्यावर चौघे पडले. शिट्टी वाजली.

बालाजी गुडघा चोळत बाहेर आला. प्रशिक्षक माणिकराव लगबगीनं उठले आणि खांद्यावरचा टॉवेल त्याच्यापुढं धरला.

"असू द्या, जावईबापू. खेळ म्हटला की व्हायचंच. पाणी घ्या थोडं."

कयाधू वाघ हा हिंगोलीचा पगारी कबड्डी संघ. पकडीत त्यांचा हात धरणारं अख्ख्या लीगमध्ये कुणी नव्हतं. पण कबड्डी काही नुसत्या पकडीवर जिंकता येत नाही. गुण आणायला पलीकडं जावं लागतं, आणि पलीकडं जाणारा भरवशाचा गडी एकच, बालाजी. गेल्या हंगामात तो गेला की गुण घेऊनच यायचा. यंदा तो जायचा आणि सापडायचा. बाकीच्या चढाईपटूंनीही मग हाय खाल्ली. पकडवाल्यांनी घाम गाळून मिळवायचं आणि चढाईवाल्यांनी घालवून यायचं, असा सगळा कारभार झाला होता.

हे असं का होतंय, याचं निदान हिंगोलीतल्या प्रत्येक चहाच्या टपरीवर झालं होतं. कुणी म्हणे मॅट घसरडी आहे. कुणी म्हणे सासुरवाडीचं तूप अंगी लागलं. बालाजीचं लग्न हंगामाच्या आधीच झालं होतं, तेही माणिकरावांच्याच लेकीशी, पुनमशी. आणि ज्यांना काहीच सुचेना, त्यांनी सगळ्यात सोपं कारण शोधून काढलं. नव्या नवरीचा पायगुण! हट्टा गावी सासरी पाणी भरताना, भाकरी थापताना पुनमच्या कानावर तेच पडायचं. सासू तोंडावर बोलायची, शेजारणी पाठीमागून. माणिकरावांना हे ठाऊक होतं. लेकीचा फोन आला की ते इकडचं तिकडचं बोलून फोन मंजुळाबाईंच्या हातात देत, आणि बायकोला लेकीची समजूत काढायला लावून स्वतः अंगणात येरझारा घालत.

त्यांनी करायचं काय बाकी ठेवलं होतं? सराव वाढवला. मॅट बदलून घेतली. नांदेडहून मालीशवाला आणला. एका सोमवारी औंढ्याला जाऊन नागनाथापुढं डोकंही टेकवून आले. बालाजी तसाच सापडत राहिला.

संघाचे मालक विजयकुमार मागच्या खुर्चीत बसले होते. आज बालाजी चालला तरच त्याला पुढच्या हंगामाला ठेवायचं, असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. आता ते पुढं वाकले.

"माणिकराव, लई झालं. शिवशंकरला उतरवा. बालाजीचा विषय माझ्यासाठी संपला."

जावयाला 'बसा' म्हणायला माणिकरावांची जीभ रेटेना. त्यांनी राखीव गडी शिवशंकरला नुसता हातानं इशारा केला आणि बाकावर सरकून आपल्या शेजारी बालाजीला जागा करून दिली.

शिवशंकर उतरला. पहिल्याच चढाईत तो खोलवर घुसला, पायाच्या अंगठ्यानं एकाला शिवला आणि माघारी वळला. वळताना त्याचा डावा पाय मागं रेंगाळला. कोपरारक्षक झेपावला.

माणिकराव ताडकन उठले.

"ए गाढवा! डावा पाय आधी काढ! घोटा काय फुकट देऊन राहिला का त्याला?"

शिवशंकरनं पाय झटक्यात ओढला. कोपरारक्षकाच्या हाती वारा लागला. गुण मिळाला. सारं मैदान उठून नाचायला लागलं. माणिकरावही नाचले असते, पण शेजारी बालाजी टॉवेल हातात धरून त्यांच्याकडं बघत होता.

"मामा, माझा बी पाय असाच मागं राहत व्हता का?"

माणिकराव खाली बसले. त्यांनी नजर मॅटवरून हलवली नाही. "व्हय."

"कवापासून?"

"लग्नानंतरच्या पहिल्याच सरावात दिसलं मला."

"मग सांगितलं काहून न्हाई?"

लग्नाआधी हाच बालाजी चुकला की माणिकराव भर मैदानात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. वेताची छडी त्याच घोट्यावर बसायची. त्या छडीनंच त्याला घडवला होता. लग्न लागलं आणि छडी गेली, 'अरे' गेलं, 'तू' गेलं. राहिलं ते नुसतं 'जावईबापू'. चूक डोळ्यांसमोर दिसायची, ओठांपर्यंत यायची, आणि ते मागं फिरून मालीशवाल्याला फोन लावायचे.

"मांडवात ह्याच हातांनी तुमचे पाय धुतले," ते कसंबसं म्हणाले. "त्याच पायाला नावं कशी ठिवू, जावईबापू? मला वाटलं, आपसूक सुधरंल."

शिट्टी वाजली. शिवशंकर पुन्हा चढाईला निघाला. समोरच्या गर्दीत पुनम बसली होती. सगळे उभे राहून ओरडत होते, ती एकटीच मान खाली घालून होती. माणिकरावांना वाटलं, उठून तिच्याकडं जावं आणि सगळ्यांदेखत सांगावं की पोरी, तुझा यात काही दोष नाही. पण ते सांगायचे दिवस त्यांनीच घालवले होते.

बालाजीनं टॉवेल घडी करून त्यांच्या मांडीवर ठेवला. तो चिडलाही नाही.

"मला एक शिवी दिली असती, मामा," तो म्हणाला, "तर तुमच्या लेकीनं इतक्या खाल्ल्या नसत्या."