रचणारी भगवती
सुरिनामच्या उसात राबणाऱ्या भगवतीची गाणी आमच्या ग्रंथालयात तीन रूपांत आली: तिच्या लेकीची वही, गोऱ्या साहेबाने भरलेलं टेपचं रीळ आणि त्यावरून त्यानेच छापलेलं पुस्तक. "गाणी एकच, तर सूचीत कार्डही एकच," ग्रंथपाल म्हणाले. "पुस्तकाचं करा, लेखक म्हणून साहेबाचं नाव घाला, बाकी त्याखाली नोंदवा." मी रीळ यंत्रावर चढवलं. भगवती गात होती आणि दर कडव्यानंतर साहेब तिथल्या क्रिओल बोलीत विचारत होता, "याचा अर्थ काय?" मी तीन कार्डं टाइप केली. तिन्हींवर रचणारी भगवती. साहेब फक्त पुस्तकाच्या कार्डावर, तळाला, लिहून घेणारा म्हणून. "फाडा ही," ग्रंथपाल म्हणाले. मी कार्डं सूचीच्या खणात लावली, भोकांतून पितळी सळई ओवली, खणाला कुलूप घातलं आणि किल्ली त्यांच्यापुढे ठेवली. "फाडायची तर तुम्ही फाडा. तोवर मी रीळ पुन्हा लावते."