साठीतला विटाळ

महालक्ष्म्या जेवायच्या दिवशी जनकाबाई गोठ्यात गोणपाटावर बसली होती. दहा वर्षांपूर्वी पाळी गेलेल्या बाईला पुन्हा रक्त जाऊ लागलं, तर घरानं त्याला विटाळ म्हटलं, आणि तीही मुकाट बाजूला बसली. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी काल सोनोग्राफी पाहून सून प्रियंकाला बजावलं, “गर्भपिशवीत मांसाचा कोंब, पॉलिप आहे. साठीचं वय, शुगर, बीपी, वजन, त्यात पाळी गेल्यावरचं रक्त. अशा पॉलिपमध्ये कॅन्सर असू शकतो. काढून तपासावाच लागेल, उद्याच आणा.” सासरा नरसिंग म्हणाला, “सण होऊ दे. काहून घाई करून राहिली?” प्रियंका गोठ्यात शिरली. “आत्याबाई, उठा,” ती म्हणाली. “अगं, शिवू नको! सैपाक कोण करीन?” नरसिंग दारातून ओरडला. प्रियंकानं सासूला छातीशी घट्ट धरलं. “शिवले. आता मीबी बाटले, मामा. निवदाच्या सोळा भाज्या तुमीच रांधा. आमी दवाखान्यात चाललो.”